पर्यायपाठ : जुन्या पोथ्यांतील एक न दिसणारा दोष

१

जुन्या पोथ्यांचा व्यासंग ज्यांनीं केला आहे त्यांस लेखकांचे दोष नवीन नाहींत. (लेखक म्हणजे येथें पोथीची नक्कल करणारा, मूळ ग्रंथ रचणारास आम्ही ग्रंथकार म्हणूं.) एखादें अक्षर गळतें, दोन ओळींत एकच शब्द आल्यामुळें डोळा पहिल्या ओळीवरून दुसरीवर उडतो व मधला मजकूर सुटतो, प व ष, व व ब यांची अदलाबदल होते, लिहिलेलें पुन्हां लिहिलें जातें. हे सर्व दोष खरे, परंतु ते प्रामाणिक आहेत. अक्षर गळलें कीं छंद लंगडतो, ओळ सुटली कीं अर्थ तुटतो, आणि वाचणारा जागच्या जागीं थांबून दुसरी प्रत शोधूं लागतो. दोषच आपली वर्दी देतो.

याहून निराळा असा एक दोष आहे. त्यांत कांहीं गळत नाहीं, कांहीं वाढत नाहीं. मूळचा एक शब्द जातो आणि त्याच अर्थाचा दुसरा शब्द त्याच्या जागीं येऊन बसतो. छंद शाबूत राहतो, अर्थ शाबूत राहतो, अक्षरही बहुधा सुरेख असतें. वाचणाऱ्यास ठेच म्हणून लागत नाहीं. या दोषास आम्ही सदर लेखापुरतें 'पर्यायपाठ' असें नांव देतों. आमच्या मतें मराठी पोथ्यांचें जितकें नुकसान वाळवीनें व पाण्यानें केलें असेल, त्याहून फारसें कमी या दोषानें केलेलें नाहीं. फरक इतकाच कीं वाळवीचें भोंक दिसतें आणि हें दिसत नाहीं.

हा दोष कसा उत्पन्न होतो, कोठें फोफावतो, कोठें त्यास अटकाव झाला आणि संग्राहकानें त्याविषयीं काय करावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

२

एका शब्दाच्या जागीं दुसरा समानार्थी शब्द चालतो कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनीं फार पूर्वीं विचारलेला आहे, आणि त्यांचीं उत्तरें क्षेत्रपरत्वें निरनिराळीं आहेत.

वेदाच्या बाबतींत उत्तर स्वच्छ नकारार्थी आहे. पद, क्रम, जटा, घन इत्यादि पाठ रचले गेले ते शब्दाचा क्रम व स्वर यांत तिळमात्र फेर पडूं नये म्हणूनच. मीमांसकांनीं तर याहीपुढें जाऊन असें ठरविलें कीं, विधिवाक्यांत देवतेचें नांव 'अग्नि' या शब्दानें आलें असेल तर आहुति देतांनाही 'अग्नि' असेंच म्हटलें पाहिजे. 'वह्नि' किंवा 'पावक' म्हणून भागणार नाहीं. वस्तु एकच असली तरी शब्द निराळा झाला कीं कर्म निराळें झालें.

काव्याच्या बाबतींत आलंकारिकांनीं अदलाबदल ही एक कसोटीच मानली. शब्द बदलूनही जो अलंकार टिकतो तो अर्थालंकार, आणि शब्द बदलतांच जो नाहींसा होतो तो शब्दालंकार, हा परिवृत्तिसहत्वाचा विचार मम्मटाच्या काव्यप्रकाशांत आहे. त्याच्याही पूर्वीं वामनानें शब्दपाकाचें लक्षण सांगतांना म्हटलें आहे कीं, जेथें शब्दांस आपली जागा बदलून देणें सहन होत नाहीं तेथें रचना परिपक्व झाली असें समजावें.

राहिलें पुराण व इतिहास यांचें क्षेत्र. येथें कथा व उपदेश मुख्य; शब्द हा वाहक. तो वाहक मध्येंच बदलला तरी ओझें ठिकाणीं पोंचलें म्हणजे झालें, अशी समजूत फार जुनी आहे. मराठी पोथी लिहिणारांनीं आपल्या पोथ्या याच तिसऱ्या वर्गांत घातल्या. ज्ञानेश्वरी असो वा एखादें आख्यान असो, श्रोत्यास समजलें पाहिजे, ही त्यांची भावना. म्हणून पर्यायपाठ करणारास आम्ही लबाड म्हणत नाहीं. तो आपल्या परीनें ग्रंथाची सेवाच करीत होता. दोष हा कीं, त्यानें टीका केली आणि ती टीका आहे हें लपविलें.

३

संस्कृत पद्यांत या दोषास छंदाचा कांहीं अडसर असतो. आमच्या पिढीपर्यंत संस्कृत शिकणाऱ्या मुलास अमरकोश तोंडपाठ करावा लागे. ज्याच्या जिभेवर अमर आहे त्यास पाण्याचे पर्याय शोधावे लागत नाहींत, ते आपोआप पुढें येतात. परंतु अक्षरगणवृत्तांत 'नीर' याच्या जागीं 'तोय' किंवा 'वारि' बसेल, कारण तिन्हींत गुरूपुढें लघु आहे. 'उदक' याच्या जागीं 'सलिल' बसेल, कारण दोन्ही तीन लघूंचे आहेत. 'नीर' काढून 'उदक' घालूं म्हटल्यास वृत्त मोडेल. म्हणजे छंद दार बंद करीत नाहीं, पण आंत येणाऱ्याचें माप घेतो.

हें माप घेऊनही किती शब्द आंत शिरतात याचें मोठें उदाहरण महाभारत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें हातीं घेतलेल्या चिकित्सित आवृत्तीसाठीं १२०० हून अधिक हस्तलिखितें जमविण्यांत आलीं. डॉ. सुखठणकरांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें व सबंध संहितेचें काम १९६६ सालीं तडीस गेलें. या आवृत्तीचें कोणतेंही पान उघडून तळचे पाठभेद पाहावे. त्यांत समानार्थी शब्दांची अदलाबदल पदोपदीं आढळेल. हें कसें घडतें तें संबोधनांवरून सहज कळण्यासारखें आहे. 'महाराज' आणि 'नरव्याघ्र' यांचा लघुगुरुक्रम अगदीं एक. 'भरतर्षभ', 'पुरुषर्षभ' आणि 'मनुजेश्वर' यांचाही एक. एकाच्या जागीं दुसरें घातल्यानें कथेचें कांहीं बिघडत नाहीं व श्लोकाचेंही बिघडत नाहीं. मग मूळचें कोणतें?

अशा ठिकाणीं निर्णय करण्यास संपादकाजवळ अर्थाचा आधार नसतो, छंदाचा नसतो. राहतो तो केवळ प्रतींच्या कुळाचा. काश्मीरकडील शारदा लिपींतील पोथी आणि दूर दक्षिणेंतील पोथी यांचा परस्परांशीं संबंध आला नसतां दोहोंत एकच शब्द आढळला, तर तो जुना मानावा, हें तत्त्व. जेथें हाही आधार अपुरा पडला तेथें संपादकांनीं शब्दाखालीं नागमोडी रेघ छापिली. एवढ्या मोठ्या ग्रंथांत 'येथें आमची खात्री नाहीं' असें उघडपणें सांगणारी ती लहानशी रेघ आम्हांस फार मोलाची वाटते.

४

आतां मराठीकडे वळूं. ओवीस लघुगुरूंचा नियम नाहीं, अक्षरसंख्याही सैल. पहिल्या तीन चरणांच्या शेवटीं यमक आणि चौथा चरण आंखूड, एवढेंच तिचें बंधन. तेव्हां संस्कृत श्लोकांत जो पाहुणा माप देऊन आंत येई तो येथें विनातक्रार येतो. दोन अक्षरांच्या शब्दाऐवजीं चार अक्षरांचा आला तरी ओवी तो पचविते.

ज्ञानेश्वरी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्यें झाली. तिच्यांत 'आथि', 'येर', 'निकें', 'वोखटें', 'पढियंता' असे शब्द आहेत. तीनशें वर्षांनंतरच्या श्रोत्यास यांतले पुष्कळ अडूं लागले असल्यास नवल नाहीं. अशा वेळीं पर्याय आंत कसा येतो याच्या तीन वाटा आहेत. पहिली, एखादा पुराणिक आपल्या सोयीसाठीं कठीण शब्दाच्या माथ्यावर किंवा समासांत बारीक अक्षरांत सोपा शब्द टिपून ठेवतो. पुढचा लेखक ती टीप म्हणजे चुकीची दुरुस्ती समजतो व मूळ शब्द सोडून टीपच ओळींत घेतो. दुसरी, एकानें वाचावें व दुसऱ्यानें लिहावें असा प्रकार असतां ऐकणारा शब्द ऐकत नाहीं, अर्थ ऐकतो, आणि आपल्या तोंडचा शब्द लिहितो. तिसरी वाट ज्यास ग्रंथ पाठ आहे अशा लेखकाची. तो पोथीकडे पाहण्याचें सोडून देतो. सर्वांत विद्वान् व सर्वांत भाविक लेखक सर्वांत अविश्वसनीय ठरतो तो असा.

या गोष्टीची जाणीव ज्यास पहिल्यानें स्पष्टपणें झाली तो पुरुष म्हणजे एकनाथ. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें त्यांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटीं आपलें कारणही लिहून ठेविलें : ग्रंथ मुळांत अतिशय शुद्ध, परंतु पाठांतरांच्या योगानें तो गढूळ झाला. यापुढें जो कोणी त्यांत आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटांत नरोटी ठेवणारा, असा त्यांचा कडक इशारा आहे. परंतु येथेंच एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. इशारा आहे तो ओवी घालणाऱ्यास. घातलेली ओवी मोजतां येते. बदललेला शब्द मोजतां येत नाहीं, आणि ज्यानें तो बदलला त्यास आपण ताटांत कांहीं घातलें असें वाटतही नाहीं.

१८४५ सालीं बाळशास्त्री जांभेकरांनीं ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापिली व नंतर अनेक आवृत्त्या निघाल्या. १९०९ सालीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं एकनाथपूर्व म्हणून आपणांस मिळालेल्या पोथीचा पाठ प्रसिद्ध केला आणि त्याच पाठाच्या आधारानें ज्ञानेश्वरींतील मराठीचें व्याकरण रचिलें. त्या पोथीच्या काळाविषयीं राजवाड्यांचें सर्व म्हणणें विद्वानांनीं मान्य केलें नाहीं. तो वाद येथें उकरण्याचें कारण नाहीं. आम्हांस सांगावयाचें तें एवढेंच कीं, व्याकरण असो, कोश असो, शब्दाचा इतिहास असो, तो प्रतींतील प्रत्येक शब्दावर उभा असतो. एका लेखकानें दयाबुद्धीनें 'निकें' च्या जागीं 'बरवें' लिहिलें तर त्या ठिकाणचा पुरावा गेला. आणि गंमत अशी कीं 'बरवें' हाही शब्द ज्ञानेश्वरांच्याच काळचा असल्यामुळें चोरी पकडतां येत नाहीं. शब्द नवा असेल तर निदान संशय तरी येतो. जुन्याच्या जागीं जुनाच आला तर संशयासही जागा नाहीं.

एक उपाय मात्र ओवीच्याच घडणींत आहे. यमकस्थानचा शब्द बदलावयाचा तर उरलेल्या दोन चरणांचेंही यमक बदलावें लागतें. तेवढा खटाटोप लेखक सहसा करीत नाहीं. म्हणून चरणाच्या अंतींचा शब्द बहुधा मूळचा राहतो, आणि चरणाच्या पोटांतला व यमक नसलेल्या चौथ्या चरणांतला शब्द आधीं जातो. एखाद्या पोथींत यमकस्थानीं जुने शब्द व पोटांत त्यांचेच सुलभ पर्याय असा प्रकार वरचेवर दिसूं लागला, तर ती पोथी हात फिरविलेली आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

५

या दोषास मराठींत कोणी अटकाव केलाच नाहीं असें मात्र नव्हे. महानुभावांनीं केला, आणि तो दोन प्रकारांनीं.

आपले ग्रंथ त्यांनीं सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यांचा हेतु ग्रंथ परक्यांच्या हातीं लागूं नये हा होता, शब्द राखावे हा नव्हता. परंतु फळ दुसरेंही मिळालें. जो लेखक एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर मांडीत चालला आहे त्याचें लक्ष अक्षरावर खिळतें. अर्थाच्या ओघांत वाहवून जाऊन दुसरा शब्द लिहिणें त्यास सोपें नाहीं.

दुसरा प्रकार याहून महत्त्वाचा. लीळाचरित्राच्या पोथ्यांत जेथें एकाच लीळेविषयीं निरनिराळे पाठ चालत आले तेथें ते कोणाचे हें नांवानिशीं नोंदलेलें आढळतें : हिराइसेचा अमुक, परशरामबासाचा अमुक, रामेश्वरबासाचा अमुक. डॉ. वि. भि. कोलते यांनीं १९७८ सालीं संपादिलेल्या आवृत्तींत हें कोणासही पाहतां येईल. यांत खरें मर्म आहे. त्या मंडळींसमोरही निरनिराळे शब्द होतेच. परंतु एक ठेवून दुसरा पुसावा असें त्यांनीं केलें नाहीं. श्रीचक्रधरांच्या तोंडचा शब्द तो, तेव्हां आपणांस न पटणारा पाठही आपल्या हातानें मारूं नये, ही त्यांची श्रद्धा. पाठचिकित्सेचें शास्त्र आपण पुढें परकीयांकडून शिकलों असें म्हणतों. त्याचा एक नियम येथें आपल्याच मठांत पाळला जात होता.

६

पर्यायपाठाचा आणखी एक पेंच आहे. दोन प्रतींत समानार्थी शब्द आढळले, तरी कोणी कोणाची जागा घेतली हें सांगणें नेहमीं सोपें नसतें. याचें उत्तम उदाहरण गोव्याकडील आहे.

फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला. साष्टींत राहून त्यानें सुमारे ११००० ओव्यांचें क्रिस्तपुराण मराठींत रचिलें. तें १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें व १६४९ आणि १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें. या तिन्ही छापांची एकही प्रत उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळें. त्यांवरून सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींतील आवृत्ति काढिली. पुढें १९२० नंतरच्या दशकांत जस्टिन अ‍ॅबट यांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत उजेडांत आणिली. दोहोंची तुलना करतां असें दिसलें कीं, रोमन पाठांत जेथें धर्मसंज्ञा पोर्तुगीज किंवा लॅटिन उगमाच्या आहेत, तेथें देवनागरी पाठांत पुष्कळदां संस्कृत शब्द आहेत.

अ‍ॅबटांचें मत, देवनागरी पाठ मूळचा. ग्रंथकारानें संस्कृत शब्द योजिले असावे व छापतांना धर्माधिकाऱ्यांच्या दृष्टीनें ते बदलून परदेशी संज्ञा घातल्या गेल्या असाव्या, असा तर्क या बाजूनें करतां येतो. उलट पक्षाचें म्हणणें, रोमन पाठच मूळचा व देवनागरी हा नंतर कोणी तरी संस्कृताकडे वळविलेला. दोन्ही तर्क सयुक्तिक आहेत हीच अडचण. धर्मसंज्ञेंत गोंधळ नको म्हणून परदेशी शब्द घालणारा हात संभवतो. श्रोत्यास परका वाटूं नये म्हणून संस्कृत शब्द घालणारा हातही संभवतो. अर्थ दोहोंकडे एक, ओवी दोहोंकडे धड. 'कठीण शब्द तो मूळचा' हा नेहमींचा नियमही येथें पंगु होतो, कारण कठीण कोणास? साष्टींतल्या नवख्रिस्ती श्रोत्यास 'कठीण' काय व घांटावरल्या वाचकास 'कठीण' काय, हें एक नव्हे. या वादांत यमकस्थानच्या संज्ञा वेंचून काढून दोन्ही पाठांतलें यमक शेजारीं शेजारीं ताडून पाहावें, असें आम्हांस सुचवावेंसें वाटतें. ज्या पाठांत यमक अधिक वेळां बिघडलेलें आढळेल त्या पाठावर हात फिरला असण्याचा संभव अधिक.

७

शब्दांची अदलाबदल सर्वत्र निंद्य आहे असा आमच्या म्हणण्याचा रोख कोणी समजूं नये. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून झालेला राज्यव्यवहारकोश हें पर्याय योजण्याचेंच काम आहे. राज्यकारभारांत रूढ झालेल्या फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीं दहा वर्गांत सुमारे १३८० शब्द त्यांत घेतले आहेत. हें काम रघुनाथपंत हणमंते यांजकडे सोंपविलें होतें. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापति झाला तो याच धोरणानें.

पण कोशकारानें काय केलें तें पाहावें. त्यानें फारसी शब्द आणि संस्कृत शब्द दोन्ही एकत्र ठेविले. म्हणून ज्या कोशाचा हेतु फारसी शब्द घालवावे हा, तोच कोश आज सतराव्या शतकांतल्या दफ्तरी फारसी शब्दांचा अर्थ लावण्यास उपयोगीं पडतो. उघडपणें केलेला पर्याय पुरावा वाढवितो. गुपचूप केलेला पर्याय पुरावा खातो. लोकांनीं पुढें काय पत्करलें तेंही यामुळेंच आपणांस कळतें : शिक्क्यांत 'मुख्य प्रधान' राहिला आणि लोकांच्या तोंडीं 'पेशवा'.

कागदपत्रांच्या बाबतींत याचें महत्त्व इतिहाससंशोधकांस निराळें सांगावयास नको. राजवाडे यांनीं निरनिराळ्या काळच्या पत्रांतील फारसी व मराठी शब्दांची गणती करून भाषेवरील राजसत्तेचा परिणाम दाखविला. ही पद्धति मार्मिक खरी, पण ती अस्सल कागदालाच लागू पडते. एखाद्या वतनदाराच्या घरीं जुनी सनद जीर्ण झाली म्हणून शंभर वर्षांनीं कारकुनानें नक्कल केली, आणि करतांना आपल्या वेळचे शब्द घातले, तर त्या नकलेंतले शब्द मोजून आपण सनदेचा काळ नव्हे, कारकुनाचा काळ मोजीत असतों.

८

एवढा वेळ दुसऱ्यांचे दोष सांगितले. आतां एक घरचा सांगतों.

आमच्या आजोळीं कृष्णाकांठीं एक ओवीबद्ध आख्यानाची पोथी होती. ग्रंथकार त्याच भागांतला, फारसा कोणास ठाऊक नसलेला. चातुर्मासांत ती वाचण्याचा परिपाठ होता. सुमारे चाळीस वर्षांपूर्वीं पानें तुटूं लागलीं तेव्हां स्वच्छ प्रत करून देण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्ही नुकतेच शाळेंत संस्कृत शिकवूं लागलों होतों व आपल्या शब्दज्ञानाचा थोडा ताठाही होता. लिहितांना जेथें शब्द अडला तेथें सोपा शब्द घातला. छंद राखला, अर्थ राखला, अक्षर वळणदार काढलें. आणि शेवटीं, जसें पुस्तक पाहिलें तसेंच लिहिलें, दोष आमचा नाहीं, अशा अर्थाचा लेखकांचा जो नेहमींचा श्लोक असतो तोही रीतीप्रमाणें लिहिला.

त्या वर्षीं वाचन नव्या प्रतीवरून झालें. आजीस लिहितांवाचतां येत नव्हतें. ती माळ ओढीत ऐकत असे. एके ठिकाणीं तिनें हात वर करून थांबविलें. "अरे, इथें 'वोळगती' असें आहे ना रे?" आम्हीं सांगितलें कीं, वोळगणें म्हणजे सेवा करणें, कोणास समजत नाहीं म्हणून 'सेविती' लिहिलें, अर्थ तोच आहे. ती म्हणाली, "अर्थ तोच असेल बाबा, पण माझ्या आईच्या तोंडीं 'वोळगती' होतें." आम्ही हंसलों व पुढें वाचूं लागलों.

चातुर्मास संपल्यावर नवी प्रत झालीच आहे म्हणून मामांनीं जुनी पोथी वस्त्रांत बांधून रीतीप्रमाणें कृष्णेंत सोडली. त्या आख्यानाची दुसरी प्रत आम्हीं पुढें पुष्कळ शोधली, मिळाली नाहीं. आज त्या ग्रंथकाराचा एकुलता एक साक्षी आमची ती सुवाच्य प्रत आहे. तींत आम्हीं किती शब्द बदलले हें आम्हांस आतां सांगतां येत नाहीं. तीस असतील, शंभर असतील. खात्रीनें एकच आठवतो, तो आजीनें सांगितला म्हणून. तेवढा आम्हीं तेथें समासांत लिहून ठेविला आहे. छंदावरून, यमकावरून, अर्थावरून आमचीच प्रत आम्हीं कितीदां तपासली. आमचा हात आम्हांसच सांपडत नाहीं. पर्यायपाठ किती बेमालूम बसतो याचा याहून चांगला दाखला आम्हांजवळ नाहीं.

९

यावरून संग्राहक मंडळींपुढें चार गोष्टी ठेवाव्याशा वाटतात.

पहिली : एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या समोर आल्या, एक सुवाच्य व सुबोध आणि दुसरी अशुद्ध, अडखळणारी, तर दुसरी टाकून देऊं नये. ज्या लेखकास अर्थ समजत नव्हता तो अक्षरें चुकला असेल, पण त्यास शब्द बदलण्याचें सामर्थ्यच नव्हतें. अशा लेखकाची चूक उकलली कीं आंत मूळ शब्द सांपडण्याचा संभव असतो. शहाण्याच्या सफाईखालीं कांहीं सांपडत नाहीं.

दुसरी : समासांतील व ओळींमधील बारीक टिपा पानाचा मळ समजून सोडूं नयेत. त्यांची नक्कल स्वतंत्रपणें करावी. मूळ शब्द कोणता व टीप कोणती हें स्पष्ट लिहावें. टीप ओळींत शिरण्यापूर्वीं जागेवर सांपडली तर तो योगच समजावा.

तिसरी : पोथीची प्रत करून घेतली किंवा छायाचित्रें काढून घेतलीं म्हणून मूळ पोथीचें विसर्जन होऊं देऊं नये. घरच्या वडील माणसांची भावना न दुखवितां, "ही आमच्या संग्रहांत देवघरासारखीच राहील" असें सांगून ती मागून घ्यावी. अनेक घरीं एवढ्यानें काम होतें.

चौथी : ज्यांस सुलभ आवृत्ति काढावयाची आहे त्यांनीं ती खुशाल काढावी. सामान्य वाचकास ग्रंथ समजला पाहिजे, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु सोपा शब्द खालीं किंवा शेजारीं द्यावा, जागेवर देऊं नये. आज संगणकावर एका आज्ञेनें सबंध ग्रंथांतला एक शब्द काढून दुसरा घालतां येतो. जुन्या लेखकास निदान प्रत्येक ठिकाणीं बोरू उचलावा लागे, आणि त्या क्षणभरांत एखादे वेळीं विचारही सुचत असे. आतां तो क्षणही उरला नाहीं. म्हणून ही सावधगिरी पूर्वींपेक्षां अधिक पाहिजे.

ज्या कोणाजवळ कृष्णाकांठच्या घराण्यांतून आलेलीं ओवीबद्ध आख्यानें असतील त्यांनीं तीं एकदां उघडून पाहावीं, अशी शेवटीं आमची विनंति आहे. कदाचित् आमच्या त्या आख्यानाची दुसरी प्रत, कितीही फाटकी, कितीही अशुद्ध, कोणाच्या तरी दफ्तरांत असेल. तींत 'वोळगती' सांपडलें तर आम्हीं कोठें कोठें हात घातला याचा झाडा आम्हांस देतां येईल, आणि त्या ग्रंथकाराचे शब्द त्याचे त्यास परत करतां येतील.

इत्यलम्.